शोकावर मासा: सिसेरोनं एपिक्युरसला नीट वाचलं का?



भावना कशा आवरायच्या आणि साध्या सुखांची किंमत किती धरायची, याबद्दल ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ काय म्हणाले, असा आजचा विषय जाहीर झाला आहे. विषय एवढा ऐसपैस आहे की तासभर नुसती नावं घेण्यात जाईल. झेनो असं म्हणाला, एपिक्युरस तसं म्हणाला, मार्कस ऑरेलियस सम्राट असूनही किती साधा होता, मग टाळ्या आणि चहा. तसं आपण करणार नाही. एकच पुस्तक घेऊ, त्यातलाही एकच भाग घेऊ, आणि एका मोठ्या लेखकानं दुसऱ्या मोठ्या विचारवंतावर त्यात जी टीका केली आहे, ती टिकते का ते पाहू.

पुस्तक सिसेरोचं. 'टस्क्युलम इथल्या चर्चा' असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. टस्क्युलम हे रोमजवळचं डोंगरावरचं गाव, तिथे सिसेरोचा बंगला होता. पाच दिवस, पाच चर्चा, पाच खंड. मृत्यू, शारीरिक वेदना, शोक, इतर विकार, आणि सुखी होण्याला सद्गुण पुरतो का, असा क्रम आहे. आपल्याला हवा तिसरा खंड, शोकाचा. शोकासाठी तो जो लॅटिन शब्द वापरतो, त्याचं नातं आजारपणाच्या शब्दाशी आहे, आणि हे तो स्वतःच मुद्दाम दाखवून देतो. शरीराला वैद्य आहे, मग मनाला का नको, असा त्या खंडाचा सुरुवातीचा प्रश्न आहे.

आता हे पुस्तक कधी लिहिलं ते बघा. इ. स. पू. ४५. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिसेरोची मुलगी तुलिया बाळंतपणानंतर गेली, आणि गेली ती याच टस्क्युलमच्या बंगल्यात. ज्या घरात मुलगी गेली त्या घराचं नाव शोकावरच्या पुस्तकाला आहे. पुस्तकात मात्र ही गोष्ट बाप कुठेही बोलत नाही. बोलतो तो तत्त्वज्ञ.

बाप बोलतो तो पत्रांत. तुलिया गेल्यावर सिसेरो आधी ॲटिकस या मित्राच्या घरी राहिला, मग ॲस्तुरा नावाच्या समुद्रकाठच्या एकाकी जागी जाऊन बसला. तिथून तो ॲटिकसला जवळजवळ रोज पत्र लिहायचा. सकाळी दाट झाडीत शिरतो तो संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही, असं तो कळवतो. बोलणं फक्त पुस्तकांशी, आणि तेही रडण्यानं मधेच तुटतं. ॲटिकसच्या घरी असताना शोकाबद्दल ज्यानं ज्यानं काही लिहिलं होतं ते सगळं त्यानं वाचून काढलं, आणि मग एक गोष्ट केली जी त्याच्या मते आधी कोणी केली नव्हती: स्वतःचं सांत्वन करणारं पुस्तक स्वतःच लिहिलं. ते 'सांत्वन' आज हरवलेलं आहे. इकडेतिकडे उरलेले तुकडे तेवढे मिळतात.

ही पार्श्वभूमी गॉसिप म्हणून सांगत नाही. टीका वाचताना टीकाकार कुठे उभा आहे हे माहीत असलेलं बरं.

तर तिसऱ्या खंडात सिसेरो सांत्वनाच्या पद्धती मोजतो. दुःखी माणसाला काय सांगायचं? स्टोइक क्लीॲन्थिस म्हणतो, त्याला पटवा की जे घडलं ते मुळात वाईटच नाही. ॲरिस्टॉटलच्या पंथाचे म्हणतात, वाईट आहे, पण फार मोठं नाही. एपिक्युरसचे लोक म्हणतात, वाईटावरून लक्ष काढून चांगल्याकडे न्या. सायरिनी पंथाचे म्हणतात, यात अनपेक्षित असं काही घडलेलं नाही हे दाखवा. आणि क्रिसिपस, स्टोइकांतला सगळ्यांत डोकेबाज माणूस, तो म्हणतो की शोक करणं हे आपलं कर्तव्य आहे अशी जी समजूत शोक करणाऱ्याच्या मनात असते, ती आधी काढा.

यादी ऐकताना ओळखीची वाटते ना? आपण कोणाकडे भेटायला जातो तेव्हा हेच करतो. 'सुटले बिचारे', हा क्लीॲन्थिस. 'वय झालं होतं हो', हा ॲरिस्टॉटलचा पंथ. 'चला, जरा बाहेर पडा, चार घास खाऊन घ्या', हा एपिक्युरस, निदान सिसेरोला दिसलेला एपिक्युरस. 'हे कधीतरी होणारच होतं', हे सायरिनी. आणि 'तुमच्या एकट्यावर नाही आलं, सगळ्यांच्याच वाट्याला येतं', हे वाक्य सिसेरोच्या काळीही वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं, तशी तक्रार त्यानंच केली आहे. क्रिसिपसचं औषध मात्र आपल्याकडे कोणी देत नाही. 'रडायलाच पाहिजे असं काही नाही' हे तेराव्याच्या आत कोण बोलेल? बोललं तर त्याला पुन्हा कोणी घरात घेणार नाही.

क्रिसिपसचा आणखी एक नियम होता आणि तो फार शहाणपणाचा आहे. मनाची सूज ताजी असताना तिला हात लावू नका, औषध नंतर. सिसेरो चौथ्या खंडात सांगतो की 'सांत्वन' लिहिताना आपण हा नियम मोडला. सूज ताजी असतानाच औषध लावलं, एकच नव्हे, सगळी एकदम लावली, कारण दुखणंच तेवढं मोठं होतं. त्या खंडातलं आम्हांला सर्वांत खरं वाटणारं वाक्य हेच. वैद्यकाच्या भाषेत बोलणारा माणूस इथे एकदाच रोगी म्हणून बोलतो.

आता मुख्य मुद्दा, एपिक्युरस.

एपिक्युरसचं औषध सिसेरो दोन हालचालींत मांडतो: त्रासाच्या विचारावरून मन काढून घ्यायचं, आणि ते सुखांच्या विचाराकडे वळवायचं. यावर त्याचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की हे माणसाच्या हातात नाही. काटा रुतलेला असताना त्याचा विचार करू नको म्हणणं म्हणजे काट्याला रुतू नको म्हणण्यासारखं. दुसरा आक्षेप थट्टेचा आहे आणि जास्त गाजलेला आहे. घरातलं माणूस दुःखात आहे, तर त्याला तुम्ही सॉक्रेटिसी संवादाच्या ऐवजी स्टर्जन मासा वाढणार का? प्लेटो वाचून दाखवायचा सोडून पाण्यावर चालणारा ऑर्गन ऐकवणार का? नाकाशी फुलं धरणार, धूप जाळणार? स्टर्जन म्हणजे त्या काळच्या रोममधला चैनीचा मासा. आपल्याकडे मयताच्या घरी पापलेट घेऊन जाण्यासारखं.

थट्टा जमलेली आहे. सिसेरो वकील होता, कोर्टाला कधी हसवायचं हे त्याला कळत होतं. पण वकिली थट्टेत साक्षीदार कोणता बोलावला आणि कोणता बाहेर बसवून ठेवला, ते तपासावं लागतं.

बोलावलेला साक्षीदार खरा आहे, हे आधी मान्य करू. एपिक्युरसच्याच एका पुस्तकातला उतारा सिसेरो पुढे करतो. चवीचं, शरीरसंगाचं, ऐकण्याचं, सुंदर आकार पाहण्याचं सुख वगळलं तर 'चांगलं' म्हणजे काय याची आपल्याला कल्पनाच करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. एपिक्युरसनं हे लिहिलं होतं. त्याचे भक्त हा उतारा आला की खोकतात.

पण बाहेर बसवलेले साक्षीदार बघा. मेनोइकिअस नावाच्या माणसाला एपिक्युरसनं लिहिलेलं पत्र आपल्यापर्यंत पूर्ण आलेलं आहे. त्यात तो स्पष्ट सांगतो की सुख म्हणजे दारूच्या बैठका आणि मासळीनं भरलेली पानं नव्हेत. मासळी हा शब्द तिथे आहे, बरं का. भुकेल्याला जवाची भाकरी आणि पाणी मिळालं तर त्यातलं सुख कोणत्याही मेजवानीपेक्षा उणं नसतं. इच्छा त्यानं तीन प्रकारच्या मानल्या. भूक-तहान या नैसर्गिक आणि आवश्यक. पक्वान्नाची हौस नैसर्गिक, पण आवश्यक नाही. मानमरातब, पुतळे, हे पोकळ. एका पत्रात तो मित्राकडे चीजचं एक लहानसं भांडं मागतो, म्हणजे वाटेल तेव्हा मेजवानी करता येईल. मराठीत याला 'ग्रीक चार्वाक' म्हणून मोकळं व्हायची आपली जुनी खोड आहे, आणि लगेच कर्ज काढून तूप पिण्याची गोष्ट निघते. चार्वाकांवर त्यात होणारा अन्याय हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण एपिक्युरसच्या बागेत तूप नव्हतं आणि उधारीही नव्हती.

सिसेरोला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. याच पुस्तकाच्या पाचव्या खंडात तो कबूल करतो की हा माणूस फार थोडक्यात भागवत होता. म्हणजे तिसऱ्या खंडातला मासा एपिक्युरसच्या ताटातला नाही, सिसेरोनं तो बाहेरून आणून ठेवला आहे.

बरं, मासा काढून टाकू. मूळ प्रश्न तरी उरतोच. भाकरी असो की मासा, शोकात सुख आठवून काय होणार? इथे एपिक्युरसनं शोकाबद्दल नेमकं काय म्हटलं ते पाहायला हवं, आणि इथेच सिसेरोची मांडणी आम्हांला सदोष वाटते.

इ. स. १८८८ मध्ये व्हॅटिकनच्या एका हस्तलिखितातून एपिक्युरसच्या वचनांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातलं एक वचन असं सांगतं की दुर्दैवाचा घाव भरून येतो तो जे गमावलं त्याबद्दलच्या कृतज्ञतेनं, आणि जे झालं ते न झालेलं करता येत नाही हे कळल्यानं. यातला शब्द लक्षात घ्या, कृतज्ञता. आणि ती कशाबद्दल? दुसऱ्या कुठल्या सुखाबद्दल नाही. जे गेलं त्याच्याबद्दलच. सिसेरो म्हणतो की एपिक्युरस दुःखावरून नजर हटवायला लावतो. हे वचन म्हणतं की जिथे घाव आहे तिथेच बघ, पण जाण्याच्या क्षणाकडे बघू नको, असण्याच्या वर्षांकडे बघ. मन वळवणं आणि कृतज्ञ होणं या दोन क्रिया आहेत. सिसेरोनं दुसरीचं भाषांतर पहिलीत केलं आणि मग पहिलीची थट्टा केली.

एपिक्युरसनं अश्रूंनाही बंदी घातलेली नव्हती. मित्र गेल्यावर ज्याला रडू येत नाही, त्याच्या त्या न रडण्यामागे शोकापेक्षा वाईट काहीतरी असतं, असं त्याच्या पंथाचं म्हणणं होतं. ही माहिती देतो प्लुटार्क, म्हणजे त्यांचा कट्टर विरोधक, त्यामुळे ती विश्वासाची. हल्ली मोबाईलवर 'स्टोइक व्हा, खंबीर व्हा' असे तीस सेकंदांचे व्हिडिओ फिरतात, त्यांना हे ऐकवायला हवं. पण त्यांच्यात क्रिसिपसही नसतो, तर एपिक्युरस कुठून असणार.

आता सगळ्यांत महत्त्वाचा साक्षीदार. इ. स. पू. २७० मध्ये एपिक्युरस वारला. मुतखड्यानं लघवी अडली होती, आमांश होता, वेदना पराकोटीच्या. त्या अवस्थेत त्यानं इडोमेनिअसला एक छोटं पत्र लिहिलं. वेदना यापेक्षा वाढू शकत नाहीत, पण त्यांच्यासमोर आपल्या झालेल्या संभाषणांच्या आठवणींचा आनंद उभा आहे, असा त्याचा आशय. आणि शेवटी विनंती काय, तर मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे. मेट्रोडोरस हा त्याचा सर्वांत जवळचा मित्र, त्याच्या आधीच गेलेला. भाकरी नाही, चीज नाही, मासा तर नाहीच. वेदनेच्या समोर त्यानं ठेवलं ते मित्रांशी झालेलं बोलणं.

हे पत्र सिसेरोला माहीत होतं. त्याच वर्षी लिहिलेल्या दुसऱ्या एका ग्रंथात त्यानं ते लॅटिनमध्ये दिलं आहे आणि शेरा मारला आहे की पत्र थोर आहे, पण या माणसाच्या सिद्धांताशी ते जुळत नाही. ही टीकेची एक जुनी युक्ती आहे. माणूस चांगला वागला की म्हणायचं, तो स्वतःच्या मताविरुद्ध वागला, आणि वाईट वागला की म्हणायचं, बघा, मतच तसलं. आम्हांला वाटतं, पत्र सिद्धांताशी जुळतं. साध्या सुखांची सवय एपिक्युरसनं कशासाठी लावायला सांगितली? ताटातलं कमी झालं तरी घाबरायचं कारण राहू नये म्हणून. मग मन मोकळं राहतं ते मैत्रीसाठी. भाकरी ही तयारी होती. जमा झाली ती संभाषणं.

इथवर आम्ही एपिक्युरसचे वकील झालो आहोत. आता उलटतपासणी.

त्या पत्रात मरतोय कोण? एपिक्युरस स्वतः. आठवणी त्याच्या, आणि ज्याला तो त्या सांगतोय तो इडोमेनिअस जिवंत आहे. त्या आठवणीत दुखवणारं काही नाही. सिसेरोची स्थिती वेगळी आहे. त्याला आठवायचंय ते तुलियाचं बोलणं, आणि बोलणारी गेली आहे. जी आठवण औषध म्हणून द्यायची, तीच जखम आहे. सुल्पिशिअस रुफस नावाच्या मित्रानं त्याला ग्रीसहून सांत्वनाचं एक प्रसिद्ध पत्र पाठवलं: जहाजातून येताना एजिना, मेगारा, पिरीअस, कॉरिंथ ही एके काळची भरभराटीची शहरं उद्ध्वस्त पडलेली पाहिली, तिथे एका मुलीचं काय घेऊन बसलात. सिसेरोनं उत्तरात जे लिहिलं ते वाचण्यासारखं आहे. पूर्वीच्या रोमनांनी मुलं गमावली, तेव्हा त्यांना निदान सार्वजनिक जीवन होतं. आपल्याला बाहेर त्रास झाला की घर होतं, म्हणजे ती होती, तिच्याशी बोललं की हलकं वाटायचं. आता सीझरच्या राज्यात बाहेरही काही नाही आणि घरातही. थोडक्यात, सिसेरोचं साधं सुख हेच होतं, मुलीशी गप्पा. ते गेल्यावर 'साध्या सुखाकडे वळ' हा सल्ला त्याला क्रूर वाटला असेल, तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पहिला आक्षेप, मन वळवणं हातात नाही हा, म्हणून थट्टेपेक्षा कितीतरी भारी आहे. तो त्यानं पुस्तकातून आणलेला नाही.

गंमत अशी की ज्याला तो रोज पत्र लिहीत होता, त्या ॲटिकसचा ओढा एपिक्युरसच्या पंथाकडे होता. आणि तिसऱ्याच खंडात सिसेरो आर्टेमिसियाला नावं ठेवतो. नवरा मॉसोलस गेल्यावर तिनं हॅलिकार्नाससला ती अवाढव्य कबर बांधली आणि शोक रोज ताजा ठेवला म्हणून. काही महिन्यांपूर्वी हा गृहस्थ तुलियासाठी देऊळ बांधायचं म्हणून टायबर नदीपलीकडच्या बागांच्या किमती ॲटिकसला विचारत होता.

सेनेकाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचा गोंधळही तसाच आहे. मेट्रोडोरसनं कुठेतरी लिहिलं होतं की दुःखाशी नातं असलेलं एक सुख असतं आणि ते अशा वेळी शोधावं. एका पत्रात सेनेका त्यावर तुटून पडतो: शोकात सुख शोधायचं, यासारखं लाजिरवाणं काय? दुसऱ्या एका पत्रात मात्र, गेलेल्या मित्रांची आठवण आपल्याला गोड वाटते असं तोच लिहितो, आणि सेरेनस गेला तेव्हा आपण प्रमाणाबाहेर रडलो हेही सांगतो. मेट्रोडोरस याहून वेगळं काय म्हणत होता?

मग आठवण जखम न राहता औषध कधी होते? याचं उत्तर एपिक्युरसकडे पूर्ण नाही. आमच्या वाचनात त्याच्या सर्वांत जवळ जातो तो त्याचा शत्रू, प्लुटार्क. यानं एपिक्युरसच्या विरोधात तीन-तीन पुस्तकं लिहिली. गतसुखाच्या आठवणींवर जगायच्या कल्पनेची त्यात टिंगल केली, मरणसमयीचं ते पत्रही सोडलं नाही. आणि याच प्लुटार्कची दोन वर्षांची मुलगी तो प्रवासात असताना गेली. निरोप्याची चुकामूक झाली, बातमी त्याला तानाग्रा गावात कळली. तिथून त्यानं बायकोला पत्र लिहिलं.

चार मुलग्यांनंतर झालेली मुलगी, आईचं नाव तिला दिलेलं, टिमोक्सेना. पत्रात प्लुटार्क बायकोला सांगतो, मुलगी जन्मायच्या आधीचे दिवस मनात आण, तेव्हा दैवाबद्दल आपली काही तक्रार नव्हती. आज पुन्हा तसेच आहोत, मग मधली दोन वर्षं वाईटाच्या खात्यात कशी घालायची? ती तर आनंदाची होती. जे तिच्या असण्यानं गोड होतं, ते आठवताना कडू का करून घ्यायचं? व्हॅटिकनमधलं ते वचन आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत एकच औषध आहे. आणि याच पत्राच्या शेवटी तो, मेल्यावर काही उरत नाही म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, असंही बजावतो. रोख एपिक्युरसवरच.

फरक आहे तो दोन गोष्टींचा. एक, हे औषध तो दुसऱ्याला एकट्याला घ्यायला सांगत नाही. त्याचं दुःख तेच आहे आणि तो 'आपण' म्हणतो. सिसेरो झाडीत एकटा होता. दुसरी गोष्ट अशी की एपिक्युरस 'कृतज्ञता' म्हणून थांबतो, सिसेरोच्या 'चर्चां'त तुलिया नावालाही नाही, आणि प्लुटार्क मात्र मुलीची एक ठरावीक लकब कागदावर ठेवतो. दाईला ती सांगायची, तुझं दूध दुसऱ्या बाळांनाही पाज, आणि माझ्या बाहुल्यांना, खेळण्यांनाही पाज.